लाइव्ह रॉक हलवायचा, तर आधी गाळाचं बघा

खाऱ्या पाण्याच्या रीफ टाकीतली, म्हणजे जिवंत प्रवाळ (कोरल) आणि मासे ठेवलेल्या टाकीतली, दगडांची मांडणी बदलायची म्हटलं की सगळं लक्ष नव्या रचनेकडे जातं. कमान कुठे घ्यायची, गुहा कुठे ठेवायची, कुठलं कोरल कुठल्या टोकावर बसवायचं. रचना चुकली तर टाकी वाईट दिसेल, फार तर पुन्हा लावावी लागेल. मासे मरतात ते वेगळ्याच कारणाने. दगडांखाली आणि दगडांमागे वर्ष-दोन वर्षं साचलेला गाळ एका दुपारीत पाण्यात मिसळतो, आणि नेमकी त्याच वेळी पाणी स्वच्छ ठेवणारी यंत्रणा, म्हणजे तेच दगड, बाहेर टबात असते.

आकड्यांसाठी एक ठरावीक टाकी डोळ्यासमोर ठेवू. चार फुटी, १२० × ४५ × ५० सेंटिमीटर, खाली सम्प, म्हणजे पंप आणि फिल्टरची दुसरी छोटी टाकी. आत साधारण २५ किलो लाइव्ह रॉक, तीन-चार सेंटिमीटर वाळू, सहा-सात मासे आणि डझनभर कोरल. दगड-वाळू वजा जाता पाणी सुमारे २२० लिटर. मुंबई-पुण्याच्या फ्लॅटमध्ये रीफ टाकी असली तर साधारण याच मापाची असते.

दगड नेमकं काय करतो

लाइव्ह रॉक हा मेलेल्या प्रवाळाचा सच्छिद्र, चुन्याचा सांगाडा. जीव राहतात ते त्याच्या अंगावर आणि पोटात. माशांची विष्ठा आणि उरलेलं खाणं कुजून अमोनिया होतो. दगडाच्या बाहेरच्या, प्राणवायू पोचणाऱ्या थरातले जिवाणू अमोनियाचं नायट्राइट आणि नायट्राइटचं नायट्रेट करतात. आत, जिथे प्राणवायू जवळपास संपलेला असतो, तिथले दुसरे जिवाणू नायट्रेटचा नायट्रोजन वायू करतात आणि तो हवेत निघून जातो. हे सगळे जिवाणू दगडाला आणि वाळूला चिकटून राहतात, पाण्यात फार थोडे असतात. त्यामुळे दगड ओला राहिला, नेहमीच्या तापमानात राहिला, तर नुसती जागा बदलल्याने त्यांचं काही बिघडत नाही. दगड सुकला, नळाखाली धुतला किंवा साचलेल्या पाण्याच्या टबात तासन् तास पडून राहिला, की मात्र हे जीव मरायला लागतात आणि दगड स्वतःच अमोनिया सोडू लागतो.

खाऱ्या पाण्यात अमोनिया जास्त बाधतो, कारण पाणी जितकं अल्कधर्मी तितका त्याचा विषारी, मुक्त भाग जास्त. पीएच ८.२ आणि २६ अंश सेल्सिअसला एकूण अमोनियापैकी साधारण ७ ते ८ टक्के मुक्त रूपात असतो. गोड्या पाण्यात पीएच ७ ला हेच प्रमाण एक टक्क्याच्याही खाली राहतं. गोड्या पाण्याच्या टाकीत जो हिशेब खपून जातो तो इथे खपत नाही.

दुसरा धोका वाळूतला. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे सुमारे २.७ ग्रॅम सल्फेट असतं. जाड थरात, विशेषतः मोठ्या दगडाच्या बुडाखाली, प्राणवायू संपला की काही जिवाणू या सल्फेटचा हायड्रोजन सल्फाइड करतात. काचेतून दिसणारे काळे डाग आणि दगड उचलताच येणारा सडक्या अंड्याचा वास ही त्याची खूण. हा वायू माशांना फार थोड्या प्रमाणातही घातक आहे.

हलवायचं की नाही

आधी कारण तपासा. टाकीमागच्या कोपऱ्यात गाळ साचतो, काच पुसायचा मॅग्नेट फिरत नाही, दगड डगमगतो, कोरल एकमेकांना भाजतात, म्हणजे तंतूंनी डंख मारतात, ही कारणं पुरेशी आहेत. नुसता कंटाळा आला म्हणून दर दोन महिन्यांनी एक-एक दगड सरकवणं सगळ्यात वाईट. दर वेळी थोडा गाळ उठतो, कोरलला दर वेळी नव्या प्रकाशाशी जुळवून घ्यावं लागतं, मासे कायम धास्तावलेले. आमचं मत स्पष्ट आहे: आराखडा पक्का करा, एकाच दिवशी संपवा, मग वर्षभर हात लावू नका. दगड कायमचे कमी करायचे असतील तर गोष्ट वेगळी. तिथे एका वेळी चौथ्या हिश्शापेक्षा जास्त काढू नये आणि दोन खेपांत दोन-तीन आठवडे जाऊ द्यावेत, म्हणजे उरलेल्या दगडांवरचे जिवाणू वाढून भार उचलतात.

आठवडाभर आधीची कामं

खरं काम इथे होतं. टर्की बास्टर, म्हणजे रबरी फुग्याची मोठी पिचकारी घ्या आणि रोज टाकीचा एकेक भाग घेऊन दगडांच्या खाचांत पाण्याचे फवारे मारा. उडालेला गाळ फिल्टर सॉकमध्ये, म्हणजे पाणी गाळणाऱ्या पिशवीत, जाऊ द्या आणि सॉक दुसऱ्या दिवशी बदला. एकदम सगळे दगड फवारू नका. आठवड्यात टाकीची एक फेरी पूर्ण झाली की मांडणीच्या दिवशी उठणारा गाळ बराच कमी झालेला असतो. याच काळात स्किमरचा, म्हणजे फेसातून घाण काढणाऱ्या यंत्राचा, कप आणि मान धुऊन ठेवा, त्या दिवशी त्याला जास्त राबायचं आहे.

खारं पाणी आदल्या दिवशी करून ठेवायचं, आणि १०० लिटर करायचं. हे जास्त वाटतं, पण हिशेब सोपा आहे. गढूळ झालेलं ४०-५० लिटर पाणी त्या दिवशी फेकावं लागतं, आणि पुढच्या दोन-तीन दिवसांत अमोनिया वर गेला तर पाव टाकी बदलायला आणखी ५५ लिटर लागतात. रात्री अकरा वाजता मीठ ढवळत बसण्यापेक्षा ते तयार असलेलं बरं. आरओ-डीआयच्या, म्हणजे क्षार काढून शुद्ध केलेल्या, पाण्यात लिटरला साधारण ३६ ते ३८ ग्रॅम मीठ लागतं, म्हणजे १०० लिटरला पावणेचार किलोच्या आसपास. छोटा पंप लावून रात्रभर फिरवा आणि रिफ्रॅक्टोमीटर या खारटपणा मोजायच्या साधनावर तो टाकीशी जुळवा, सहसा ३५ पीपीटी (हजार भागांत ३५ भाग). नळाचं पाणी वापरू नका, त्यात क्लोरीन असतं.

आराखडा कागदावर नको, जमिनीवर करा. पुठ्ठ्यावर १२० × ४५ सेंटिमीटरची चौकट आखा, पुढच्या-मागच्या काचेपासून आठ-आठ सेंटिमीटर सोडा. उरते २९ सेंटिमीटर रुंदीची पट्टी. ती पाहिली की कल्पनेतले निम्मे डोंगर आपोआप गळतात. टाकीतल्या प्रत्येक दगडाचा फोटो काढून त्यावर अंदाजे लांबी-उंची लिहा आणि कुठला दगड तळाशी, कुठला माथ्यावर हे ठरवा. दगडांची एक अखंड भिंत न करता दोन बेटं करावीत, एक मोठं आणि एक लहान. मध्ये आणि मागे पाणी मोकळं वाहतं, गाळ एका जागी साचत नाही. उंची पाण्याच्या दोन तृतीयांशाच्या वर नेऊ नका. कोरल वाढणार आहेत, त्यांना जागा लागेल.

हाताशी हवं ते असं: प्रत्येकी ४० लिटरचे तीन-चार फूड-ग्रेड प्लास्टिक टब (साबण कधीच न लागलेले), सायफनची नळी, बॅटरीवर चालणारा एअर पंप, लांब रबरी हातमोजे, डोळ्यांवर चष्मा, सुपरग्लू जेल, एपॉक्सी पुट्टी आणि भरपूर जुने टॉवेल.

हातमोजे शोभेचे नाहीत. झोअँथिड आणि विशेषतः पॅलिथोआ या बटणासारख्या कोरलांत पॅलिटॉक्सिन नावाचं अतिशय जहाल विष असू शकतं. ते जखमेतून, डोळ्यातून आणि वाफेतून शरीरात जातं. असे दगड कोरडे घासू नका, प्रेशरच्या पाण्याने धुऊ नका, आणि ‘निर्जंतुक करायला’ उकळू तर मुळीच नका. उकळलेल्या दगडाच्या वाफेने घरातली सगळी माणसं इस्पितळात गेल्याच्या घटना नोंदल्या गेल्या आहेत. हातावर ताजी जखम असेल तर काम पुढे ढकला, कारण मायकोबॅक्टेरियम मरिनम हा जिवाणू जखमेतून शिरला की महिनोन्महिने औषधं घ्यावी लागतात. काटेरी अळीचे केस बोटात रुतले तर चोळायचं नाही, सेलोटेप लावून ओढायचे.

त्या दिवशी

सकाळी सुरू करा. मे महिन्यात मुंबईतल्या खोलीत ३२-३३ अंश असतात आणि पाणी थंड करणारा चिलर बंद झाल्यावर ४० लिटरचा टब २२० लिटरच्या टाकीपेक्षा कितीतरी लवकर तापतो. पाण्याची बाटली गोठवून, झाकण घट्ट लावून टबात तरंगती सोडली की तापमान आवरता येतं. बर्फ थेट टाकायचा नाही, त्याने खारटपणा उतरतो.

बंद करण्याचा क्रम महत्त्वाचा. हीटर असेल तर तो पाणी उतरवण्याच्या निदान वीस मिनिटं आधी बंद. गरम काच हवेत उघडी पडली की तडकते. मग चिलर, मग सम्पमधून पाणी वर आणणारा रिटर्न पंप, शेवटी टाकीत प्रवाह खेळवणारा वेव्हमेकर. चिलरमधून पाणी वाहायचं थांबलं आणि तो चालूच राहिला तर आतलं पाणी गोठू शकतं, म्हणून तो पंपाच्या आधी.

आता वरचं स्वच्छ पाणी टबांत काढा, अजून काहीही न ढवळता. दोन टब भरले की ८० लिटर गेले आणि पातळी १५ सेंटिमीटरने उतरली. हे पाणी सोनं समजा. माशांना आणि कोरलांना याच पाण्यात ठेवायचं आहे. माशांना आधी पकडायचा प्रयत्न करू नका. दगड उभे असताना जाळी फिरवणं म्हणजे उगाच दमछाक. दगड निघाले की मासे दोन मिनिटांत हाती लागतात. त्यांच्या टबात एअर पंप हवाच, आणि वर झाकण. रासे आणि गोबी हे मासे उड्या मारण्यात पटाईत असतात.

सुटी कोरल पहिल्यांदा बाहेर, मग माथ्याचे दगड, मग बुडाचे. प्रत्येक दगड पाण्यातच हळू फिरवून, मग दोन्ही हातांनी उचलायचा. चुनखडी पाण्याच्या जवळपास तिप्पट घनतेची असल्यामुळे पाण्याखाली तिचं वजन तिसऱ्या हिश्शाने कमी भासतं. काठाच्या वर आल्यावर दगड एकदम जड होतो, त्यात खाचांत भरलेलं पाणी, त्यात ओले हात. काच फुटते ती इथेच. दगड टाकीवर क्षणभर धरून निथळू द्या, कारण लहान गोबी, ब्लेनी आणि कोळंबी खाचांत दडून राहतात आणि बाहेरच्या टबात विसरल्या जातात. अंधाऱ्या भोकात बोट घालू नका. मँटिस कोळंबी आत असली तर बोट फाटू शकतं.

काढलेला दगड पहिल्या टबात, टाकीच्याच पाण्यात, दोन-चारदा जोरात हलवा. तपकिरी ढग उठेल. मग दगड दुसऱ्या, स्वच्छ टबात. पहिल्या टबातलं पाणी सात-आठ दगडांनंतर ओतून द्या आणि नवं घ्या. सगळ्या खटाटोपातली सर्वांत मोलाची पायरी हीच, आणि घाईत सर्वांत आधी गाळली जाते तीही हीच.

हवेत किती वेळ? बहुतेक कोरल आणि दगडावरचे जीव पंधरा-वीस मिनिटं सोसतात, वरून ओलं वर्तमानपत्र टाकलं आणि अधूनमधून खाऱ्या पाण्याचा फवारा मारला तर. स्पंजचं तसं नाही. हवा त्यांच्या नळ्यांत अडकते आणि ते आतून कुजतात. मोठा स्पंज असलेला दगड पाण्याखालीच, टबासकट हलवा. एप्टेशिया, म्हणजे झपाट्याने पसरणारं उपद्रवी समुद्रफूल, दिसला तर तो दगड खरवडू नका. प्रत्येक तुकड्याचा नवा एप्टेशिया होतो.

दगड बाहेर असताना वाळूकडे वळा. काळी, वास येणारी वाळू ढवळायची नाही, सायफनने पाण्यासकट थेट बादलीत ओढून फेकायची. तिथे नवी धुतलेली वाळू नंतर भरता येते. बाकीची वाळू वरच्या एक-दीड सेंटिमीटरपर्यंतच साफ करा. सगळी वाळू धुऊन चकचकीत केलीत तर जिवाणूंचा मोठा साठाही गेला.

उभं करणं

बुडाचे दगड वाळूवर ठेवायचे नाहीत. गोबी आणि पिस्तूल कोळंबी खाली बिळं खोदतात आणि एके दिवशी सगळं कोसळतं. दगड तळाच्या काचेला टेकलेले हवेत. काचेवर ओरखडा किंवा एकाच टोकाचा दाब नको असेल तर आधी प्लास्टिकची चौकोनी जाळी अंथरा, फॉल्स सीलिंगमध्ये दिव्याखाली असते ती. त्यावर दगड, मग भोवती वाळू.

प्रत्येक दगड तीन बिंदूंवर टेकला पाहिजे, चुलीच्या तीन दगडांवर भांडं बसतं तसा. दोन बिंदूंवर टेकलेला दगड आज उभा राहील, पण गोगलगाय चढली किंवा टँग माशाने धडक दिली की पडेल. ठेवल्यावर वरून दाबून बघा, मग बाजूने ढकलून. थोडाही हलला तर फिरवून दुसरी बैठक शोधा. गोंद लावून डगमग थांबवायचा मोह टाळा. गोंद आधाराला असतो, वजन पेलायला नाही.

पाण्याखाली एपॉक्सी पुट्टी एकटी नीट चिकटत नाही, नवखे इथेच वैतागतात. पद्धत अशी. पुट्टीच्या दोन रंगांचे भाग दोन-तीन मिनिटं मळून रंग एकसारखा करा. गोळ्याच्या दोन्ही बाजूंना सुपरग्लू जेलचा ठिपका लावा. एक बाजू दगडाच्या खाचेत, दुसऱ्या बाजूवर दुसरा दगड, आणि थोडं पिळून दाबायचं. जेल लगेच पकडतं आणि पुट्टी सावकाश कडक होत जाते. पूर्ण पक्कं व्हायला दिवस लागतो. आधी दगडाची ती जागा टूथब्रशने घासा, शेवाळावर काहीच चिकटत नाही. एका दिवसात फार पुट्टी वापरली की स्किमर वेड्यासारखा फेस काढतो. कप भरून वाहू नये म्हणून तो काही तास बंद किंवा अगदी मंद ठेवा.

कमानीसाठी किंवा बाहेर झुकणाऱ्या दगडासाठी ६ ते ८ मिलिमीटर जाडीच्या ॲक्रिलिकच्या कांड्या लागतात. दगड बाहेर काढून, पुसून, मेसनरी बिटने कांडीपेक्षा एक-दोन मिलिमीटर मोठं आणि तीन-चार सेंटिमीटर खोल भोक पाडा. ड्रिलचा बोर्ड टाकीपासून लांब ठेवा, घरात आरसीसीबी, म्हणजे गळती होताच वीज तोडणारा स्विच, असल्याची खात्री करा. दगडाच्या टोकापासून पुरेसं आत भोक पाडा, नाहीतर चिरतो. स्टेनलेस स्टीलचे स्क्रू वापरू नका, खाऱ्या पाण्यात तेही गंजतात. पितळ किंवा तांब्याचा तुकडा तर अजिबात नको. तांबं कोरल, कोळंबी आणि गोगलगायींना मारतं.

कोरल बसवताना प्रकाशाबरोबर शेजारही बघा. युफिलिया आणि गॅलॅक्सिया ही कोरल रात्री लांब भाजणारे तंतू सोडतात, त्यांच्याभोवती निदान १५ सेंटिमीटर मोकळी जागा हवी. गॅलॅक्सियाला त्याहून जास्त.

पाणी परत भरताना

टाकीच्या तळाशी उरलेलं गढूळ पाणी सायफनने काढून टाका. मग टबातलं स्वच्छ जुनं पाणी आणि कमी पडेल तेवढं नवं, एखाद्या ताटलीवर धार सोडून भरा म्हणजे वाळूला खड्डा पडत नाही. वेव्हमेकर, रिटर्न, चिलर किंवा हीटर, या क्रमाने सुरू करा. मासे शेवटी, पाण्यातून थोडं आरपार दिसायला लागल्यावर. सम्पमध्ये जाळीच्या पिशवीत साधारण १०० ग्रॅम पाणी शुद्ध करणारा कार्बन घाला आणि बारीक फिल्टर सॉक लावून तो त्या दिवशी दोनदा बदला.

पाणी धुळकट दिसणं म्हणजे गाळ, तो बारा ते चोवीस तासांत बसतो. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पाणी दुधाळ झालं तर प्रकार वेगळा: जिवाणूंची अचानक वाढ झालेली असते आणि ते प्राणवायू खातात. पहाटे मासे पृष्ठभागावर धापा टाकताना दिसतात. वेव्हमेकर वरच्या दिशेने वळवून पृष्ठभाग खळबळता ठेवा, स्किमर पूर्ण चालू, खाणं बंद. वीज जाण्याचा भरवसा नसलेल्या भागात ही रात्र बॅटरीच्या एअर पंपाशिवाय काढू नका.

अमोनिया पाच दिवस रोज मोजा. ०.२५ मिलिग्रॅम प्रतिलिटर दिसलं तर खाणं निम्मं करा आणि सहा तासांनी पुन्हा मोजा. ०.५ झालं तर त्या राखीव ५५ लिटरची वेळ आली. त्याबरोबर कुजणारा स्पंज किंवा मेलेली गोगलगाय कुठे आहे ते हुंगून शोधा. आकडा वाढतच राहिला तर बहुधा असंच काहीतरी दगडात अडकलेलं असतं. पुढच्या दोन-तीन आठवड्यांत वाळूवर तपकिरी किंवा लालसर थर येऊ शकतो. उठलेल्या गाळातलं फॉस्फेट आणि नायट्रेट त्याला खायला घालतं. सायफनने काढत राहा, औषधं ओतू नका.

दिवे पहिले दोन आठवडे नेहमीच्या साठ-सत्तर टक्क्यांवर ठेवा आणि हळूहळू वाढवा. सावलीतलं कोरल माथ्यावर गेलं असेल तर एवढ्यानेही ते पांढरं पडू शकतं. तसं झालं तर एक पायरी खाली आणा, रोज जागा बदलू नका.

तिसऱ्या दिवशी बास्टरने थोडं बारीक खाणं टाकीत सोडून बघा कुठे थांबतं ते. जिथे कण खाली बसून राहतात तिथेच पुढच्या वर्षीचा गाळ साचणार. दगड न हलवता वेव्हमेकरचा कोन बदलून बहुतेक वेळा हे सुटतं. मासे दोन-तीन दिवस बुजलेले दिसतील. पण दादागिरी करणाऱ्या डॅमसेल किंवा टँगची हद्द मोडलेली असल्यामुळे नवा मासा सोडायचा असेल तर हीच वेळ चांगली, अर्थात अमोनिया शून्यावर असेल तरच.

नव्या रचनेत दगड कमी पडले तर किनाऱ्यावरून उचलून आणू नका. भारतात चुन्याचा सांगाडा बांधणारी सगळी कोरल २००१ पासून वन्यजीव (संरक्षण) कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, आणि मालवणच्या किनाऱ्यावर सापडलेला मेलेला प्रवाळही त्यातच येतो. कोकणातला जांभा सच्छिद्र दिसतो, पण तो चुन्याचा नाही, लोहाचा. तो टाकीत घालू नये. कृत्रिम, सिरॅमिकचा किंवा सिमेंटचा रीफ रॉक घ्या. सिमेंटचा असेल तर पीएच वर जाणं थांबेपर्यंत काही आठवडे गोड्या पाण्यात भिजवून, पाणी बदलत राहा. मग तो आधी सम्पमध्ये ठेवा. एक-दोन महिन्यांत जुन्या दगडांवरचे जिवाणू त्यावर पसरतात, आणि मग तो टाकीत न्यायला हरकत नाही.